हिरवं पाणी उपसून जात नाही

मार्च सरता सरता बंगल्यांच्या, फार्महाउसच्या आणि सोसायट्यांच्या बागांमधली तळी हिरवी पडायला लागतात. परवापर्यंत तळाची फरशी दिसत होती, आता वीतभर खाली गेलेला मासा दिसत नाही. मग सोसायटीच्या सभेत, नर्सरीत, माशांच्या दुकानात एकच सल्ला ठामपणे मिळतो: पाणी उपसा, भिंती घासून काढा, ब्लीचिंग मारा, नवं पाणी भरा. एवढ्यानं भागलं नाही तर थोडं मोरचूद टाका. सल्ला देणारे अनुभवी असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. तरीही तो सल्ला चुकीचा आहे. मी तर पुढे जाऊन म्हणतो की आपली तळी दरवर्षी हिरवी होतात, त्याला हा सल्लाच बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

आधी त्यांची बाजू. उपसून भरलेलं तळं दुसऱ्या दिवशी नितळ दिसतं, यात शंका नाही. मासे दिसतात, मुलं काठावर जमतात, सभासद खूश होतात. डोळ्यांनी पाहिलेल्यावर माणूस विश्वास ठेवतो, म्हणून हा उपाय पिढ्यानपिढ्या टिकला आहे. पण तेच तळं दोन-तीन आठवड्यांनी पाहायला हवं. उन्हातलं तळं असेल तर तोवर पाण्याला पुन्हा हिरवी झाक आलेली असते. तेव्हा आपण काय म्हणतो? "या वेळी नीट घासलं नव्हतं." उपाय फसला की दोष उपायाला लागत नाही, घासणाऱ्याला लागतो. माळीकाकांनी पुन्हा तारेचा ब्रश घेऊन उतरायचं, पुन्हा टँकर मागवायचा, पुन्हा बिल मंजूर करायचं. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत दहा हजार लिटर पाणी गटारात सोडायचं आणि दहा हजार लिटर विकत आणायचं, हे एरवी कुणी खपवून घेतलं नसतं. तळ्याच्या नावाखाली ते दर उन्हाळ्यात खपतं.

हे हिरवं असतं तरी काय, ते घरच्या घरी पाहता येतं. काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घ्या आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. ते तपकिरी दिसलं आणि काही तासांत तळाशी साका बसला, तर तो गाळ आहे. तो मासे तळ उकरतात म्हणून किंवा पावसाबरोबर माती येते म्हणून उठतो, आणि त्याचा उपाय वेगळा. हिरवी झाक रात्रभर तशीच तरंगत राहिली, तर ते एकपेशीय शेवाळ. क्लोरेला आणि तिच्या भाऊबंदांच्या पेशी २ ते १० मायक्रॉनच्या असतात, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणून हे पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळलं तरी हिरवंच खाली उतरतं, आणि पंपाच्या तोंडाशी लावलेला स्पंज त्याला अडवू शकत नाही. तिसरा प्रकार गंभीर आहे. पाण्यावर निळसर-हिरवी दाट साय धरली, वास यायला लागला, काठीने ढवळल्यावर रेघा उमटल्या, तर ते नील-हरित जिवाणू असू शकतात. त्यांतल्या काही जाती यकृतावर परिणाम करणारी विषं बनवतात. अशा पाण्यापासून मुलं आणि कुत्री लांब ठेवा. त्याबद्दल पुढे आणखी सांगायचं आहे.

आता तळं उपसल्यावर काय होतं ते पाहा. जुनं, दोन-तीन वर्षं मुरलेलं तळं म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्याच्या भिंतींवर एक बुळबुळीत थर असतो. तो आपल्याला किळसवाणा वाटतो, पण त्या थरात शेवाळ, बुरशी आणि असंख्य जिवाणू एकत्र राहतात आणि पाण्यातलं विरघळलेलं खत सतत ओढून घेत असतात. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणूही तिथेच, दगडांवर आणि फिल्टरच्या जाळीवर असतात. पाण्यात डॅफ्निया आणि मॉइनासारखे, टाचणीच्या डोक्याहून मोठे नसलेले प्राणी असतात. तरंगतं शेवाळ हेच त्यांचं अन्न, आणि दिवसभर पाणी गाळून ते पोट भरतात. तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडर यांनी हे सगळं एका दुपारी संपतं. जे उरतं ते कोरं पाणी, भरपूर ऊन आणि वाटेकरी नसलेलं अन्न. अशा जागी सर्वांत आधी पोहोचतं आणि सर्वांत भराभर वाढतं ते एकपेशीय शेवाळच. उघड्या हौदावर त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबरही येतात, त्यांना आमंत्रण लागत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू पुन्हा बसायला मात्र चार ते सहा आठवडे जातात. त्या मधल्या काळात मासे मरतात आणि मासेवाल्याने आजारी मासे दिले असं आपण म्हणतो.

म्हणजे नव्याने भरलेलं तळं पहिले काही आठवडे हिरवं होणं ही त्याची नैसर्गिक पहिली पायरी आहे. झाडं रुजली, भिंतीवर थर धरला, सूक्ष्म प्राणी वाढले की बहुतेक तळी आपोआप निवळायला लागतात. आपण नेमकं त्याच सुमारास धीर सोडून ते उपसतो आणि त्याला पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतो.

नवं पाणी शुद्ध असतं, ही समजूतही तपासायला हवी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना आणि उपयोगी जिवाणूंना बाधतं. बोअरचं पाणी पाहायला काचेसारखं, पण महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी त्यात नायट्रेट भरपूर असतं. शेतातल्या खतांचं आणि शोषखड्ड्यांचं ते भूजलात झिरपलेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकांनुसार लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत बसणारं पाणीसुद्धा शेवाळासाठी चांगलं खतपाणी ठरू शकतं. बोअरचं पाणी भरलं की चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागतं अशी तक्रार करणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी तळ्यात पाण्याबरोबर खतही भरलेलं असतं.

मोरचुदाबद्दल, म्हणजे कॉपर सल्फेटबद्दल, मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे नुसता पैसा वाया जात नाही, जीव जातात. नाशिक-सांगलीकडे द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद गावोगावी मिळतं, त्यामुळे त्याची भीती कुणाला वाटत नाही. ते शेवाळ मारतं, हे खरं आहे. अमेरिकी कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये पाणीपुरवठ्याच्या तलावांसाठी त्याची शिफारस केली, तेव्हापासून ते जगभर वापरलं गेलं. पण त्यातलं तांबं पाण्यात कसं वागेल हे पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर) ठरतं. मत्स्यपालनातला प्रचलित नियम असा की लिटरला १०० मिलिग्रॅम क्षारता असेल तर १ मिलिग्रॅम मोरचूद चालेल, आणि क्षारता ५०च्या खाली असेल तर ते टाकूच नये. कोकणातल्या जांभ्या दगडातलं पाणी मऊ असतं, पुण्या-नगरकडच्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी जड. जड पाण्यात तांब्याचा साका होऊन ते तळाला बसतं आणि शेवाळ थोड्याच दिवसांत परत येतं. मऊ पाण्यात तेवढंच मोरचूद माशांचा जीव घेतं. "चिमूटभर टाका" म्हणणाऱ्याने आपलं पाणी तपासलेलं नसतं, तळ्यात किती लिटर पाणी आहे हेही विचारलेलं नसतं.

आणि मोरचुदाने शेवाळ मेलं तरी ते जात नाही. तळ्यातलं सगळं शेवाळ एका दिवसात मेलं की ते कुजायला लागतं, आणि कुजताना जो प्राणवायू वापरला जातो तो त्याच पाण्यातला. दुपारी तळं ठीक वाटतं. मोठा फटका बसतो पहाटे, जेव्हा प्रकाशसंश्लेषण थांबून बरेच तास झालेले असतात. चार-साडेचारला जाऊन पाहिलंत तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळताना दिसतील, सहापर्यंत त्यातले काही उलटे तरंगत असतील. वीज वाचवायला पंप रात्री बंद ठेवण्याची पद्धत असेल तर विचारूच नका. ज्या तासांत पाणी खळखळायला हवं, त्याच तासांत आपण ते स्थिर करून ठेवतो. दुसरीकडे मेलेल्या शेवाळातलं खत पुन्हा पाण्यात विरघळतं आणि पुढच्या पिढीच्या तोंडी लागतं.

हा अंदाज नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फेअरमाँट गावाची तळी आहेत. तिथे ५८ वर्षं मोरचूद टाकलं गेलं, आणि त्या ५८ वर्षांचा हिशेब हॅन्सन आणि स्टेफान या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये मांडला. शेवाळ तात्पुरतं मरत असे आणि थोड्याच आठवड्यांत परत येत असे. तांबं तळाच्या गाळात साचत गेलं. प्राणवायू कमी पडून मासे मेले. पाण्याखालच्या वनस्पती नाहीशा झाल्या, चांगल्या माशांची जागा हलक्या माशांनी घेतली. हिरव्या शेवाळाच्या जागी नील-हरित जिवाणू आले, तेही तांब्याला सरावलेले. एका गावाने अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा उपाय चिकाटीने करून पाहिला, आणि निघालेलं फळ हे असं. आपल्या सोसायटीतल्या तळ्याला वेगळा न्याय लागू होईल, असं मानायला काय आधार आहे?

विषारी साय धरलेल्या पाण्यात मोरचूद टाकण्याचा धोका त्याहून मोठा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ माजलं म्हणून मोरचूद टाकलं गेलं. त्यानंतर काही दिवसांत १४८ माणसं यकृत आणि आतड्यांच्या विकाराने आजारी पडली, त्यांत बहुतेक मुलं होती. पेशी फुटल्यामुळे आतलं विष एकदम पाण्यात सुटलं, असं मानलं जातं. तांब्याचीच विषबाधा असावी, असं म्हणणारेही पुढे निघाले. दोन्हींतलं कुठलंही खरं असलं तरी आपल्या बागेतल्या तळ्यात, जिथे मुलं हात घालून मासे पकडू पाहतात, तिथे डब्यातून मोजमाप न करता मोरचूद ओतणं क्षम्य ठरत नाही.

मग हिरवं कशामुळे होतं? अन्नामुळे. नेमक्या कोणत्या अन्नामुळे, हा वाद एकेकाळी जगभर पेटला होता. १९६०-७०च्या दशकात अमेरिका-कॅनडातली मोठी सरोवरं हिरवी पडत होती आणि डिटर्जंट उद्योगाचे लोक म्हणत होते की दोष फॉस्फेटचा नाही, कार्बनचा आहे. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं २२६ क्रमांकाचं एक तळं १९७३ मध्ये मधोमध पडदा लावून दोन भागांत विभागलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू त्याच उन्हाळ्यात गर्द हिरवी झाली आणि पडद्यापलीकडची बाजू स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो पाहून फॉस्फेटवर निर्बंध घालायला कायदेकर्त्यांना मोठं बळ मिळालं. पाणी तेच, ऊन तेच, हवा तीच होती. तिथे कुणी पाणी बदलून उत्तर शोधलं नाही.

हेच आपल्या बागेत आणून पाहा. तळं चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि मीटरभर खोल धरा, म्हणजे दहा हजार लिटर. काठापर्यंत लॉन आहे आणि लॉनला पावसाआधी डीएपी किंवा सुफला टाकायची पद्धत आहे. डीएपीची एक मूठ, म्हणजे ५० ग्रॅम, पहिल्या सरीबरोबर वाहून तळ्यात आली, तर तिच्यात साधारण १० ग्रॅम फॉस्फरस असतो. दहा हजार लिटरमध्ये तो मिसळला की लिटरला १ मिलिग्रॅम होतो. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस असलेल्या सरोवराला शास्त्रज्ञ अतिपोषित म्हणतात. एका मुठीने आपण त्याच्या दहापट गेलो. शेवाळाच्या पेशींत फॉस्फरस जेमतेम एक टक्का असतो, म्हणजे त्या १० ग्रॅमवर किलोभर वाळलेलं शेवाळ उभं राहू शकतं. लॉन नसेल तर माशांचं खाद्य आहेच. बहुतेक खाद्यात एक टक्क्याच्या आसपास फॉस्फरस असतो. दिवसाला वीस ग्रॅम टाकलं तर पन्नास दिवसांत डीएपीची ती मूठ भरते. त्यावर कणकेच्या गोळ्या, पोळीचे तुकडे, चुरमुरे, गणपतीत आणि नवरात्रात निर्माल्य. माशांना खाऊ घालण्यात पुण्य आहे असं मानणाऱ्यांच्या श्रद्धेला माझा विरोध नाही. पण माशाने खाल्लेल्यातलंही बरंचसं शेवटी पाण्यातच येतं, आणि न खाल्लेलं तर सगळंच.

फॉस्फरसचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवं. नायट्रोजनचा काही भाग जिवाणूंच्या मदतीने वायू होऊन उडून जातो, फॉस्फरस उडत नाही. तो पाण्यात, शेवाळात, झाडात किंवा गाळात कुठेतरी असतोच. तळाचं पाणी प्राणवायूविना राहिलं की गाळातला फॉस्फरस परत वर येतो. त्यामुळे तो तळ्याबाहेर न्यायचा असेल तर हातांनी उचलूनच न्यावा लागतो.

डासांसाठी सोडलेल्या माशांचाही यात हात आहे, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. गंबुसिया मासा डासांच्या अळ्यांसाठी १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला, आणि गप्पी मासे आजही महापालिकांकडून मिळतात. हे मासे अळ्या खातात, तसे डॅफ्नियासारखे सूक्ष्म प्राणीही खातात. हर्लबर्ट या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत छोट्या कुंडांत हे दाखवून दिलं: ज्यांत गंबुसिया होता त्यांतले सूक्ष्म प्राणी जवळपास संपले आणि पाणी शेवाळाने भरलं, मासे नसलेल्या कुंडांचं पाणी तुलनेने स्वच्छ राहिलं. डेंग्यूच्या दिवसांत मासे काढून टाका असं मी म्हणणार नाही. मासे हवेतच. पण गप्पी दहा सोडले की काही महिन्यांत शेकड्यांनी होतात, आणि त्यांना वरून खाद्य घालायचं काहीच कारण नसतं. अ‍ॅप्लोकायलस जातीचा आपल्याकडचाच मासा, ज्याच्या डोक्यावर एक चमकता ठिपका असतो, अळ्या उत्तम खातो. कोकणातल्या आणि घाटाखालच्या माणसांनी त्याला आधी पसंती द्यावी. गंबुसिया मात्र कुठल्याच तळ्यात सोडू नये. डासांचा मुद्दा काढून तळं उपसा म्हणणाऱ्यांना तर मी उलट विचारेन: उपसलेल्या तळ्याच्या तळाशी दोन बोटं पाणी चार-आठ दिवस मासे नसताना साचून राहतं, तेव्हा डास कुठे वाढतात?

बाजारातल्या उपायांना सरसकट झोडपणं अन्यायाचं होईल. अतिनील दिवा, ज्याला सगळे यूव्ही म्हणतात, हिरव्या पाण्यावर खरोखर चालतो. दिव्याजवळून पाणी हळू गेलं तर पेशी मरतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते मागच्या फिल्टरमध्ये अडकतात. ज्यांनी मोठे कोई मासे दाटीने पाळले आहेत, त्यांच्या तळ्यात झाडं टिकतच नाहीत, तिथे यूव्ही आणि दणकट फिल्टर यांना पर्याय नाही. पण दिवा अन्न कमी करत नाही. दिवा वर्षभरात मंदावतो, तो बदलला नाही की पाणी परत हिरवं. भिंतीला चिकटणाऱ्या केसाळ शेवाळाला तर तो स्पर्शही करत नाही. यूव्ही लावा, पण त्याने तळं बरं झालं असं समजू नका. तुरटीचंही तसंच. हंड्यात तुरटी फिरवायची आपली रीत जुनी आणि चांगली आहे, आणि तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम फॉस्फरसला बांधून ठेवतं हेही खरं. पण मऊ पाण्यात तिने सामू (पीएच) झपाट्याने खाली येतो, आणि तळ्यात मासे असतात, हंड्यात नसतात.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांबद्दल मात्र मी ठाम आहे. ईएम म्हणजे उपयुक्त सूक्ष्मजीवांचं द्रावण आणि त्यात मळलेले मातीचे गोळे आपल्याकडे मोठ्या तलावांतही टाकले जातात, उत्साहाने, मुलांच्या हस्ते, फोटो काढून. नेदरलँड्समध्ये ल्यूर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत तपासले आणि २०१०च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच लिहिलं की या गोळ्यांनी नील-हरित जिवाणूंचा बहर आटोक्यात येत नाही. शेण, गूळ आणि ताक घालून केलेली घरगुती द्रावणं तर तळ्यात चक्क खत घालतात. शेताला ती द्या, तळ्याला नको.

करायचं काय, ते आता सांगतो. आपल्या जुन्या घरांत न्हाणीचं आणि मोरीचं पाणी परसात जिथे जायचं, तिथे अळू, कर्दळ आणि केळ लावलेली असायची. साबणाचं, खरकट्याचं पाणी पिऊन ती पानं हातभर व्हायची आणि तिथे चिखल-घाण साचायची नाही. हेच तळ्याच्या काठी करा. तळ्याचं पाणी पंपाने उचलून खडी भरलेल्या उथळ पाटातून फिरवा आणि त्या खडीत कर्दळ, अळू, वेखंड लावा. मुळं पाण्यातलं खत खातात, पानं कापली की ते तळ्याबाहेर जातं. मोरचूद न टाकलेल्या तळ्याच्या अळूची भाजीही करता येते, टाकलेल्या तळ्याच्या अळूची करू नका. पाण्याच्या आत सेरॅटोफायलम किंवा हायड्रिला ही पाणवनस्पती सोडा, आणि पसरायला लागली की दर पंधरवड्याला ओंजळी भरून काढून कंपोस्टमध्ये टाका. वर कुमुद किंवा कमळ, इतकं की निम्म्याहून जास्त पाणी सावलीत राहील. जलपर्णी मात्र कुणी फुकट दिली तरी आणू नका. एका पावसात ती ओढ्यात जाते, आणि पुढे तिचं काय होतं ते पवना-मुळा-मुठेच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

भिंती घासू नका. फिल्टरची जाळी नळाखाली धुऊ नका, तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत पिळून काढा. पंप रात्रंदिवस चालू द्या. पाणी बदलायचंच असेल तर आठवड्याला दहावा हिस्सा, आणि काढलेलं हिरवं पाणी गटारात न सोडता गुलाबाला, कढीपत्त्याला घाला, त्यात खत आहे. नळाचं पाणी दोन-तीन दिवस उघड्या पिंपात ठेवून मग भरा. गाळ दरवर्षी थोडा थोडा उपसा, सगळा एकदम नको. लॉन आणि तळं यांच्यामध्ये दोन विटांचा उंचवटा करा, की पावसाचं पाणी सरळ आत येणार नाही. खाद्य निम्मं करा. मासे उपाशी राहतील ही भीती अनाठायी आहे, झाडांच्या तळ्यात त्यांना खायला पुष्कळ असतं. पाणी फार हिरवं असेल तर दुपारी सामू मोजा. शेवाळ उन्हात कर्बवायू ओढून घेतं आणि सामू ९च्या पुढे जाऊ शकतो. सामू ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, ९ला उन्हाळ्याच्या तापमानात चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. अशा दिवशी माशांना खाऊ घालणं बंद ठेवा.

यावर ठरलेला आक्षेप येतो: याला वेळ लागतो, सभासद थांबत नाहीत. खरं आहे, झाडं रुजून पाणी निवळायला आठवडे लागतात, कधी एक पूर्ण ऋतू. पण उपसण्याने दर वर्षी तीन-चार वेळा हिरवं पाणी मिळतंच आहे. मग थांबण्यात नवीन नुकसान कोणतं? आणि सगळंच हिरवं वाईट असतं असंही नाही. लोणारच्या सरोवराचा हिरवा रंग नील-हरित जिवाणूंचाच आहे, आणि तो त्या पाण्याचा स्वभाव आहे. बागेतल्या तळ्यात हलकी हिरवी झाक, दीड-दोन फुटांवरचा मासा दिसतोय, पहाटे मासे हवा गिळत नाहीत, एवढं असेल तर ते तळं निरोगी आहे. काचेच्या मत्स्यालयासारखं पाणी उघड्या आभाळाखाली मागू नये.

छोट्या तळ्याबद्दल मी इतकं हट्टाने लिहितोय त्याला कारण आहे. कोल्हापूरचा रंकाळा हिरवा पडला तो त्यात मिसळणाऱ्या सांडपाण्यामुळे. आपल्या गावोगावच्या तलावांचं तेच आहे. पण हिरवं दिसलं की काहीतरी ओता, काहीतरी उपसा, ही सवय आपण आपल्या अंगणात लावून घेतली आहे, आणि तीच घेऊन आपण नगरपालिकेकडे जातो. मग नाला वळवण्याऐवजी द्रावणाच्या निविदा निघतात. ज्याने आपल्या दहा हजार लिटरमध्ये खत कुठून येतं हे शोधलं, तो माणूस सार्वजनिक तलावाबद्दल योग्य प्रश्न विचारू शकतो.

म्हणून सोसायट्यांच्या समित्यांना माझी विनंती आहे. या उन्हाळ्यात तळं उपसायचं काम कुणाला देऊ नका. टँकरचे तेवढेच पैसे खडी, कर्दळीचे कंद, दोन कुंड्या कुमुद आणि रात्रीही चालणाऱ्या पंपाच्या विजेसाठी ठेवा. काठावर एक पाटी लावा की माशांना खायला घालू नये. आणि मोरचुदाचा डबा स्टोअरमध्ये असेल तर तो ज्याची द्राक्षबाग आहे त्याला देऊन टाका.